वाचकांचे प्रश्न : वर्गातलं वातावरण मोजायचं कसं?

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे, मुलं १४. भिंती रंगवल्या, तक्ते लावले, मुलं दंगाही करत नाहीत. तरी वर्ग पुढे सरकत नाही असं सारखं वाटतं. वातावरण चांगलं आहे की नाही, हे माझं मला तपासता येईल का?
— शिक्षिका, दापोली तालुका

येईल. वही, पेन्सिल आणि मोबाईल एवढ्यावर भागतं. आधी काय तपासायचं ते ठरवू. रुडॉल्फ मूस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा वातावरणाचे तीन भाग पाडले. माणसामाणसांतली नाती, शिकण्यात पुढे जायला मिळणारा वाव, आणि तिथली घडी, म्हणजे नियम, स्पष्टता, बदलाची तयारी. तुमच्या पत्रात शांततेचा उल्लेख आहे, पण शांतता या तिसऱ्या भागातला एक तुकडा झाला. घाबरलेला वर्गही शांत असतो आणि कंटाळलेलाही.

पहिली तपासणी नजरेची. ३५ मिनिटांची तासिका घ्या, मोबाईल कंपनावर ठेवा आणि तिसऱ्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी वर्गावरून एकदा नजर फिरवा. प्रत्येक मुलापुढे एकच अक्षर लिहा: कामात असेल तर 'क', वाट पाहत असेल तर 'व', इतर काही करत असेल तर 'इ'. तासिकेत सात वेळा, १४ मुलं, म्हणजे ९८ नोंदी. समजा त्यात 'क' ६०, 'व' २४ आणि 'इ' १४ आले. आपला डोळा लगेच 'इ'वर जातो, कारण गप्पा दिसतात. पण बहुवर्गात खरी गळती 'व'मध्ये असते. तुम्ही तिसरीला शिकवत असता तेव्हा चौथीची मुलं काम संपवून हाताची घडी घालून बसतात, किंवा 'बाई, आता काय करू?' म्हणून रांगेत उभी राहतात. ती दंगा करत नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

'व' जास्त निघाले तर आधी एकट्याने काम करणाऱ्या इयत्तेला तीन मिनिटांत काम लावून द्या, मग शिकवायच्या इयत्तेकडे वळा. ते काम किमान बारा मिनिटं पुरेल असं हवं, सूचना फळ्यावर लिहिलेली हवी, आणि उत्तरपत्रक उलटं करून कोपऱ्यात ठेवलेलं हवं, म्हणजे तपासायला तुम्ही लागणार नाही. 'झालं की पुढे काय' हेही फळ्यावरच लिहा. पंधरा दिवसांनी त्याच वारी, त्याच तासिकेला पुन्हा मोजा. मधल्या काळात दुसरं काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, पहिल्या दोन दिवसांची मोजणी धरली जाते. बाई काहीतरी लिहितायत हे दिसलं की मुलं सावरून बसतात. ती पानं बाजूला ठेवा. दुसरी, टक्केवारी काढली जाते. १४ मुलांत एक मूल म्हणजे सात टक्के! एक जण तापाने घरी राहिला की आकडा हलतो. नावांनिशी बघा: सातपैकी पाच वेळा 'व' कोणाला मिळाला?

दुसरी तपासणी कानाची. मोबाईलवर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा आणि घरी ऐका. तुम्ही विचारलेले पहिले दहा प्रश्न घ्या. प्रश्न संपल्यापासून तुम्ही पुन्हा बोलेपर्यंत किंवा एखादं मूल बोलेपर्यंत मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' मोजा; एकेका आकड्याला साधारण सेकंद लागतो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात हे मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. थांबा तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मुलाने उत्तर दिल्यावर लगेच 'बरोबर' म्हणण्याआधीही तेवढंच थांबायचं असतं. तो दुसरा थांबा बहुतेक जण विसरतात.

तिसरी तपासणी मुलांच्या मताची, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोलाची. बॅरी फ्रेझर हे ऑस्ट्रेलियातले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी प्रश्नावल्या केल्या. त्यात एकच विधान दोनदा विचारतात: वर्ग असा आहे का, आणि वर्ग असा असावा का. या दोन उत्तरांतलं अंतर मोठं असेल तिथे काम करायचं. तुम्ही दहाच विधानं घ्या. 'बाईंना प्रश्न विचारायला मला भीती वाटते.' 'माझं चुकलं की मुलं हसतात.' 'बाई सगळ्यांना विचारतात.' 'काय करायचं ते मला कळतं.' 'आमच्या वर्गात भांडणं होतात.' विधानात 'नाही' आणू नका. 'मला भीती वाटत नाही' याला 'नाही' म्हणायचं की 'हो', यात लहान मूल गोंधळतं.

नावं नकोत. विधानं दुसऱ्या शिक्षकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणी वाचावीत, आणि तेवढा वेळ तुम्ही खोलीबाहेर थांबा. तुम्ही समोर असाल तर मुलं तुम्हाला आवडेल तेच सांगतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पहिली-दुसरीला कागद देण्यापेक्षा एकेक चिंचोका द्या. पडद्याआड दोन डबे ठेवा, एकावर हसरा चेहरा, दुसऱ्यावर रडका. चिंचोके मोजले की झालं.

प्रश्न : शाळा व्यवस्थापन समितीकडे थोडा निधी आला आहे. काही जण म्हणतात भिंतींवर चित्रं रंगवू, काही म्हणतात टीव्ही घेऊ. छप्पर पत्र्याचं आहे. पावसात काही ऐकू येत नाही.
— समिती सदस्य, देवगड तालुका

शेवटचं वाक्य तुम्ही सर्वांत आधी लिहायला हवं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर हा शाळेचा ऐन काळ. मुलांना बाईंचं बोलणंच ऐकू येत नसेल तर टीव्हीचंही येणार नाही.

वर्गातला बाहेरून येणारा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पत्र्यावर सर कोसळत असताना ते अशक्य, पण नुकसान किती होतंय ते पैसे खर्च करण्याआधी मोजता येतं. सरीच्या वेळी बाईंनी तोंडासमोर वही धरून नेहमीच्या आवाजात दहा सुटे शब्द सांगावेत: पान, पाल, पाट, पाय असे, म्हणजे अंदाजाने लिहिता येणार नाहीत. मुलांनी ते लिहावेत. पहिल्या ओळीतली मुलं नऊ आणि शेवटची चार शब्द बरोबर लिहीत असतील, तर निधी कुठे जायला हवा ते सभेत वेगळं सांगावं लागणार नाही. उघडिपीच्या दिवशी वेगळे दहा शब्द घेऊन पुन्हा करा. तेव्हाही तेच मूल मागे पडलं तर त्याचे कान तपासून घ्या.

उपाय करताना एक फसगत होते. पत्र्याखाली नुसतं कापड ताणलं तर घुमारा थोडा कमी होतो, पावसाचा मारा तसाच राहतो, आणि श्रावणापर्यंत त्या कापडाला बुरशी येते. आवाज पत्र्याच्या थरथरण्यातून येतो. म्हणून पत्र्याला चिकटून बसणारा, त्याचं कंपन दाबणारा थर किंवा वजनदार आतलं छत हवं. ते आवाक्याबाहेर असेल तर बाकं अर्धवर्तुळात तीन मीटरच्या आत आणा, आणि सर आली की करायची कामं आधीच ठरवून ठेवा: लेखन, जोडीने वाचन, चित्रावरून प्रश्न. पावसावर आवाज चढवून शिकवणं घशालाही वाईट आणि मुलांनाही.

उजेडाचंही बघा. झडीत खिडक्या लावल्या की जांभ्याच्या भिंती आणखी काळवंडतात. छताची आतली बाजू आणि भिंतीचा वरचा भाग पांढरा करा; थोडक्या पैशात होणारं काम आहे. सहा मीटरवरच्या मुलासाठी फळ्यावरचं अक्षर किमान ५ सेंटिमीटर उंच हवं, मात्रा-वेलांट्या सोडून.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल: अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये बालवर्गाच्या मुलांवर प्रयोग केला. गच्च सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि धडा कमी कळला. म्हणून फळ्याची भिंत मोकळी ठेवा, चालू घटकाचेच तक्ते लावा, आणि तेही भिंतीला न चिकटवता दोरीवर टांगा. ओलीने महिन्याभरात गळणारे तक्ते कुणी वाचत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. घरी तोंड बंद नसतं, वर्गात मात्र एक शब्द नाही. एकदा 'माका गावला नाय' म्हणाला तर मुलं हसली, तेव्हापासून गप्प झालाय.
— एक आई, मालवण

ताई, त्याला बोलता येत नाही असं नाही. बोललं की काय होतं ते तो शिकलाय. पहिल्या उत्तरातल्या दहा विधानांत 'माझं चुकलं की मुलं हसतात' हे विधान त्याच्यासारख्यांसाठीच आहे.

बाईंना भेटा, पण तक्रारीने सुरुवात करू नका. एवढंच मागा: तो मालवणीत बोलला तर आधी त्याने काय सांगितलं ते घ्यावं, भाषा नंतर. 'पाणी तापला, वाफ झाली नि वर गेली' हे विज्ञानातलं पूर्ण बरोबर उत्तर आहे. बाईंनी 'बरोबर! पाणी तापलं, त्याची वाफ झाली आणि ती वर गेली' असं म्हणावं, म्हणजे प्रमाण मराठी कानावर पडते आणि मूलही तोंडघशी पडत नाही. 'शुद्ध बोल' म्हटलं की पुढच्या वेळी ते हात वर करत नाही. उत्तर वर्गाला सांगण्याआधी शेजारच्याला सांगायला एक मिनिट दिलं तर गप्प मुलं लवकर सुटतात. हसणाऱ्या मुलांना रागावण्यापेक्षा 'हे मालवणीत कसं म्हणतात?' असं बाईंनीच एकदा वर्गाला विचारावं. त्या दिवशी तुमचा मुलगा जाणता ठरेल.

प्रश्न : शाळाभेटीत एका वर्गाला जेमतेम २० मिनिटं देता येतात. काय बघू?
— केंद्रप्रमुख, रत्नागिरी जिल्हा

शाळेचं दप्तर, म्हणजे नोंदवह्या, नंतर बघा. तासिकेच्या आधीच जाऊन बसा आणि घंटेपासून काम सुरू होईपर्यंतची मिनिटं मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास आहेत. आठ तासिकांत प्रत्येकी चार मिनिटं वह्या काढण्यात गेली तर दिवसाला ३२ मिनिटं, वर्षाला सुमारे १०७ तास बुडतात.

मग बैठकीचा आराखडा काढून बाईंनी किंवा गुरुजींनी ज्याला विचारलं त्याच्या जागी रेघ मारा. रेघा पुढच्या ओळींत आणि मधल्या पट्ट्यात गोळा होतात, हे जगभर दिसलं आहे. रेघ नसलेल्या जागेवरच्या तीन मुलांजवळ बसून हळूच विचारा: आत्ता काय करतोयस? कशासाठी? झालं हे तुला कसं कळेल? 'बाईंनी सांगितलं म्हणून' हे उत्तर तिघांकडून आलं, तर काम चालू आहे पण दिशा पोचलेली नाही. शेवटी एकाची वही मागच्या आठवड्यापर्यंत चाळा: चुकीवर नुसती फुली आहे, की त्याखाली मुलाने पुन्हा करून बघितलंय?

शेरेबुकात दोनच ओळी लिहा, एक आकडा आणि एक बदल, आणि पुढच्या भेटीत तेवढंच पुन्हा मोजा.