शिरेआधी तिच्या कडेचा खडक पाहा
रूपांतरित खडकांतील सोन्याच्या खनिजसाठ्यांचा अभ्यास सुरू करताना क्वॉर्ट्‌झच्या पांढऱ्या शिरेवरच, म्हणजे भेगेत खनिज साचून बनलेल्या पट्ट्यावरच, नजर खिळू देऊ नका. तिच्या दोन्ही बाजूंचा बदललेला खडक आधी भिंगाखाली पाहा. साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाचे द्रव भेगांतून वर चढताना सोने बहुधा गंधकाशी जोडलेल्या रूपात वाहून नेतात, आणि खडकातील लोहाशी संयोग होऊन तेच गंधक पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात अडकले, की सोने द्रावणात टिकत नाही. म्हणूनच लोहयुक्त खडकात शिरेलगत दिसणारे पायराइटचे बारीक, घनाकृती स्फटिक मला शिरेइतकेच मोलाचे वाटतात. बदललेल्या खडकातील हिरवट क्लोराइट हे खनिज कुठे संपते आणि रेशमी चमकेचा फिकट सेरिसाइट, म्हणजे बारीक कणांचा अभ्रक, कुठे सुरू होतो, हे शिरेपासूनच्या अंतरासह वहीत जरूर नोंदवा. शिरा एकमेकींना छेदत असतील, तर छेदणारी शीर नंतरची असते.