खांब पोकळ आहे का, ते बघणारा माणूस

प्रश्न : आमच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात हिल्टन हॉटेलांचा संस्थापक कॉनरॅड हिल्टन शून्यातून वर आला असं शिकवतात. पण त्याच्या वडिलांचं तर मोठं दुकान होतं! मग शून्य कसलं? आणि इस्टेट मुलांना न देता दान केली, हे खरं का?

उत्तर : शंका बरोबर आहे. न्यू मेक्सिकोतल्या सॅन अँटोनियोत वडिलांचा व्यापार जोरात होता. पण १९०७च्या मंदीत ते आडवे झाले आणि घरातल्याच खोल्या प्रवाशांना भाड्याने द्यायची वेळ आली. विशीतला कॉनरॅड अपरात्री स्टेशनवर उभा राहून गिऱ्हाईक गाठायचा, त्यांच्या बॅगा उचलायचा. मी स्वतः बावीस वर्षं रिसेप्शनवर काढली, त्यातली बरीच रात्रपाळीत. पहाटे तीनला समोरच्याशी हसून बोलणं काय असतं, ते मला विचारा.

१९१९ मध्ये तो टेक्सासात सिस्को गावी गेला, तो बँक विकत घ्यायला. विकणाऱ्याने ठरलेल्या ७५ हजार डॉलरचे ऐनवेळी ८० हजार केले. वैतागून हा झोपायला मोबली हॉटेलात गेला, तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. तेल सापडल्यामुळे झुंबड. खोल्या आठ-आठ तासांच्या पाळीने दिलेल्या. मालकाला मात्र तेलातच पैसा दिसत होता. ४० खोल्यांचं ते हॉटेल हिल्टनने ४० हजारांना घेतलं. स्वतःचे पाच हजार. बाकी आई, मित्र आणि बँकेचं कर्ज. म्हणजे शून्य नव्हतंच. लोकांनी विश्वासाने पैसे दिले, हे वर्गात कुणी सांगत नाही. पुढच्या महामंदीत तर त्याच्याच एका बेलबॉयने त्याला जेवणखाण भागवायला ३०० डॉलर दिले.

त्याचा खरा गुण वेगळाच. मोबलीत त्याने जेवणघर बंद करून तिथे खाटा टाकल्या आणि लांबलचक काउंटर अर्धं कापून वर्तमानपत्रांचा स्टॉल काढला. १९४९ मध्ये न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हाती आल्यावर लॉबीतले भव्य खांब पोकळ निघाले; त्यांत काचेची कपाटं बसवून ती भाड्याने दिली. आमच्या लॉबीतल्या कुंड्यांमागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या पडून होत्या. असो.

दानाचं म्हणाल तर हो. १९४४ मध्ये त्याने प्रतिष्ठान काढलं आणि १९७९ मध्ये वारल्यावर संपत्तीचा मोठा भाग तिकडे जावा, विशेषतः कॅथलिक नन्सच्या सेवाकार्याला मदत व्हावी, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. कंपनी सांभाळणारा मुलगा बॅरन शेअर्ससाठी कोर्टात गेला. तडजोड व्हायला १९८८ उजाडलं. बापाचं मृत्युपत्र घरात गोडीगुलाबीने स्वीकारलं गेलं, असं समजू नका.

तोच बॅरन २०१९ मध्ये गेला. त्याने आपल्या संपत्तीतला ९७ टक्के वाटा त्याच प्रतिष्ठानाच्या नावे केला होता.