नॅव्हिड्रोम की जेलिफिन? घरच्या गाण्यांसाठी काय बसवावं, की सरळ गाण्यांच्या एखाद्या ॲपचे पैसे भरावेत?

दोन्ही घरच्याच कॉम्प्युटरवर बसवायची खुल्या कोडची सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या फाइली फोनवर किंवा टीव्हीवर लावून देणारी. नुसती गाणी असतील तर नॅव्हिड्रोम. टीव्हीवर पिक्चरही बघायचे असतील तर जेलिफिन. पण "सरळ ॲपचे पैसे भरावेत का" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझा मोठा भाऊ दर दिवाळीला पुण्याहून येऊन हेच ऐकवतो.

आमच्या अमळनेरच्या घरी आजीच्या आवाजातली कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची गाणी दोन कॅसेटवर होती. सगळी अहिराणी. साथीला काही नाही, मध्येच कुकरची शिट्टी. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून तुकडे पाडले, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर नॅव्हिड्रोम चढवलं. उघडून बघतो तर सगळं 'अननोन आर्टिस्ट'खाली. फोल्डरना मी नीट नावं दिली होती, पण नॅव्हिड्रोम फोल्डर नाही, फाइलमधले टॅग, म्हणजे आत लिहिलेली गाण्याची, कलाकाराची नावं वाचतं. सिनेमाची गाणी पिकार्डने, म्हणजे गाणं ओळखून टॅग भरणाऱ्या सॉफ्टवेअरने, पटापट ओळखली. आजीला ते कुठून ओळखणार?

मग धाकट्या मावशीला शेजारी बसवलं. पहिलं गाणं लागताच तिने माझा हात धरला, "हाऊ ते मायना आवाज शे!" रोटांचे गहू दळतानाचं कुठलं, कानबाईला बोळवतानाचं कुठलं, ती सांगत गेली आणि मी टॅग भरत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या. कलाकाराच्या रकान्यात आजीचं पूर्ण नाव लिहिलं. तिचं नाव त्याआधी रेशन कार्डाशिवाय कुठे छापलेलं मी पाहिलं नव्हतं. दादा, तुझ्या ॲपमध्ये हे नाव शोधून दाखव.

आणि "उद्या बंद पडलं तर?" हा त्याचा दुसरा प्रश्न. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड लोकांना बंद केला तेव्हा 2018 मध्ये लोकांनी जुना कोड उचलून जेलिफिन उभं केलं. सबसॉनिक या जुन्या गाण्यांच्या सर्व्हरनेही दार लावून घेतलं, तरी त्याच्या एपीआयवर (सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवर) चालणारी ॲप आज नॅव्हिड्रोमला जोडता येतात. कोड खुला असला की कुणीतरी पुढे नेतं.

एक राहिलं. घराबाहेरून ऐकायचं तर आमच्याकडच्या कनेक्शनला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता मिळत नाही, म्हणून मी टेलस्केल वापरतो; ते माझा फोन आणि घरचा सर्व्हर खासगी नेटवर्कने जोडतं. लाइट गेली की सर्व्हरही बसतो आणि पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, तेव्हा गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा. आमची भावाच्या कपाटात आहे.