कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावं?

लेन्स बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. रत्नागिरीत गेले सात पावसाळे मी हेच करतोय. त्याआधी बॅगेत राहिलेली एक लेन्स गणपतीत काढली, तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले. बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो, त्यात अंधार, हवा खेळत नाही. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले. मंद आचेवर परतले की परत निळे होतात. मात्र स्वयंपाकाची कढई अजिबात वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. दाणे पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. पण आधीच लागलेली बुरशी डब्याने जात नाही. तशी लेन्स बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या, उशीर झाला तर बुरशी काचेवरचं कोटिंगच खाते.