ऑडिओ पॉडकास्टला व्हिडिओ जोडावा का? बडोद्याच्या आजी-आजोबांच्या गप्पांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांशी तुम्ही गप्पा रेकॉर्ड करता, एक भाग चाळीसेक मिनिटांचा, आजवर फक्त ऑडिओ. ऐकणारे मनापासून ऐकतात, पण आकडा हलत नाही. घरचे म्हणतात व्हिडिओ करा. तर करावा का, आणि कॅमेरा कुठला घ्यावा?

व्हिडिओ जरूर करा, पण सरसकट सगळ्या भागांचा नको. आणि कॅमेरा आत्ता घेऊच नका, हातातला फोन पुरेसा आहे. पैसे खर्चायचेच असतील तर पाहुण्यांसाठी एक चांगला कॉलर माइक घ्या. चित्र जरा मळकट असलं तरी माणसं बघतात, आवाज घुमला की मात्र पहिल्या मिनिटालाच सोडून जातात.

व्हिडिओचा फायदा खरा आहे. गूगलने आपलं पॉडकास्टचं ॲप २०२४ मध्ये बंद केलं आणि सगळ्यांना यूट्यूब म्युझिककडे वळवलं. महिन्याला १०० कोटींहून जास्त लोक आपल्याकडे पॉडकास्ट बघतात-ऐकतात, असं यूट्यूबने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. त्या गर्दीतलं कुणी आपसूक तुमच्याकडे येईल असं नाही. तुमचा फायदा वेगळाच आहे. पुण्याच्या मावशींना पॉडकास्टचं ॲप माहीत नसतं, पण व्हॉट्सॲपवर आलेली यूट्यूबची लिंक त्या उघडतात. अमेरिकेतली नात तोच भाग टीव्हीवर लावते आणि घरातले चारजण बसून बघतात. शिवाय शोध. ‘भाग १४ : एक हृद्य संवाद’ असं शीर्षक कुणीही शोधत नाही. ‘तांबेकर वाड्याच्या भिंतींवर काय रंगवलंय?’ हे शोधलं जातं. शीर्षक देवनागरीत द्या आणि वर्णनात गावाचं, वाड्याचं नाव रोमन आणि गुजराती लिपीतही घाला. बडोद्यातल्या कितीतरी मराठी मुलांना मराठी कळतं, पण टाइप करताना ती गुजराती किंवा रोमनच वापरतात.

आता सगळे भाग का नकोत ते सांगतो, कारण तुमच्या कामात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. आवाज देणं आणि चेहरा देणं यात म्हाताऱ्या माणसांच्या लेखी फार अंतर असतं. वाटणीची भांडणं, माहेरची ओढाताण, लवकर आलेलं वैधव्य हे आजी माइकसमोर सांगतात, कारण माइकचा पाच मिनिटांत विसर पडतो. समोर फोन उभा केला की पदर नीट होतो, आवाज सभेतल्यासारखा होतो आणि ‘आमचं सगळं छान होतं’ सुरू होतं. असा भाग ऑडिओच ठेवा, आणि हे आजींना विचारून ठरवा. नुसतं ‘रेकॉर्ड करू ना?’ पुरत नाही. ‘तुमचा चेहरा नेटवर दिसेल, नात्यातले, शेजारचे सगळे बघतील, चालेल ना?’ असं स्वच्छ विचारा, शक्यतो मुलगा-सून समोर असताना. होकार रेकॉर्डही करून ठेवा. नंतर त्यांनी काढून टाकायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

जिथे बघण्यासारखं काही आहे, तिथे व्हिडिओ. मोडीतली पत्रं, पाककृतींची हाताने लिहिलेली वही, सयाजीराव महाराजांच्या काळातलं शाळेचं प्रमाणपत्र, पेटीतला कुटुंबाचा फोटो. कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांवर किंवा तांबेकर वाड्यावर भाग करणार असाल तर व्हिडिओ हवाच, फक्त तिथे चित्रीकरणाची परवानगी आधी घ्या.

अशा भागात एक गोष्ट हमखास घडते. आजी पेटीतून फोटो काढतात आणि म्हणतात, ‘ही बघ, ही माझी सासू, आणि ती मागे उभी आहे ना, ती हिची धाकटी जाऊ.’ बघणाऱ्याला कळलं. गाडी चालवत ऐकणाऱ्याला काय कळणार? तिथे तुम्ही लगेच म्हणायचं, ‘म्हणजे उजवीकडे खुर्चीवर बसलेल्या, नथ घातलेल्या, त्या तुमच्या सासूबाई?’ आजी हो म्हणतात, पुढे जातात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फोटो उभा राहतो. ही सवय लागली की एकाच रेकॉर्डिंगमधून ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही निघतात. ऑडिओ फीड बंद करायचा विचार मनातही आणू नका. फुकटच्या यूट्यूबवर फोनची स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो. स्वयंपाक करताना ऐकणाऱ्या तुमच्या जुन्या श्रोत्यांनी काय करायचं मग?

रेकॉर्डिंगचं बघू. बडोद्याच्या घरात आजोबा झोपाळ्यावरच बसणार. त्याच्या कड्या करकरतात, आणि दर झोक्याला चेहरा फ्रेमच्या आत-बाहेर होतो. गोड बोलून त्यांना खुर्चीवर आणा, झोपाळा शेवटी दोन मिनिटं वेगळा शूट करा. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका. उत्तरायण आणि नवरात्रातल्या संध्याकाळी तर रेकॉर्डिंगचं नावच काढू नका. खिडकी पाहुण्यांच्या बाजूला असावी, पाठीमागे नको. फोन तुमच्या खांद्याला लागून, पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. ते तुमच्याकडे बघून बोलतील आणि प्रेक्षकाला आपल्याशीच बोलताहेत असं वाटेल. दुसरा फोन मिळाला तर तो दोघांना मिळून दाखवायला.

घरातल्या दिव्यांचा एक त्रास आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोन सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रांवर) असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. २५ फ्रेम आणि शटर (एक चित्र टिपायला लागणारा वेळ) १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट सुरू केला की २५ चा पर्याय येतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं, त्यात फ्रेम आणि शटर दोन्ही आपल्या मनाने ठरवता येतात.

दुसरा त्रास जास्त छळतो: ओठ आणि आवाज यांची फारकत. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर आणि चित्र फोनवर घेतलं, की सुरुवातीला जुळवलेलं चाळिसाव्या मिनिटाला सुटतं. बरेच फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतात, हे त्याचं मोठं कारण. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा (४४.१ वर नको, व्हिडिओचं गणित ४८ चं असतं), दोन्ही यंत्रं सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक ठसठशीत टाळी वाजवा, आणि संपवतानाही एक. संपादनात पहिली टाळी जुळवायची आणि शेवटची जुळते का ते बघायचं. जुळली नाही तर फोनची मूळ फाईल हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमवेगाची करून घ्या आणि पुन्हा लावा. संपादनाला डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली.

जागा किती लागेल? १२८ केबीपीएसचा चाळीस मिनिटांचा एमपी३ जेमतेम ३८ एमबी. तेवढाच व्हिडिओ १०८०पी मध्ये, नव्या एचईव्हीसी पद्धतीने साठवला तरी साधारण अडीच जीबी. फोरकेच्या वाटेला जाऊ नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमक्या रंगलेल्या गोष्टीत कुणाचा तरी फोन येतो.

संपादनात एक फरक पडेल. ऑडिओत आजींचा खोकला, लांबलेला विचार तुम्ही अलगद कापता, कुणाला कळत नाही. व्हिडिओत त्याच जागी मान टुणकन उडते. तिथे फोटो, वहीचं पान, हातांचं चित्र लावून झाका, म्हणून रेकॉर्डिंगनंतर दहा मिनिटं अशी चित्रं घ्यायला राखून ठेवा. आणि प्रत्येक थांबणं कापायलाच हवं असं नाही. नाव आठवताना आजोबा छताकडे बघतात, ते राहू द्या.

यूट्यूबवर चढवताना: चाळीस मिनिटांचा व्हिडिओ टाकायला खातं फोन नंबरने पडताळलेलं लागतं, पंधरा मिनिटांवर ते अडतं. पूर्ण भागांची एक प्लेलिस्ट करून तिला यूट्यूब स्टुडिओत पॉडकास्ट म्हणून नेमा, भागांतले छोटे तुकडे त्यात घालू नका. वर्णनात वेळेचे टप्पे लिहा. पहिला ०:०० पासून, किमान तीन, प्रत्येक निदान दहा सेकंदांचा, तरच ते प्रकरणं म्हणून दिसतात. आजोबांनी मागे बडोदा दरबारचे गायक फैयाज खाँसाहेब यांची तबकडी लावली असेल तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. गप्पांच्या वेळी ती बंद ठेवा, तिच्याबद्दल बोला.

जुन्या ऑडिओ भागांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचार करून ठेवा. आरएसएस फीड (पॉडकास्टच्या ॲपना तुमचे भाग पोचवणारा दुवा) यूट्यूबला जोडलं की यूट्यूब मुखचित्र लावून स्थिर व्हिडिओ आपोआप बनवतं. सोपं आहे. पण यूट्यूबवर चढलेली फाईल नंतर त्याच लिंकवर बदलता येत नाही. ज्या भागांना पुढे फोटो जोडायचे आहेत ते बाजूला ठेवा, बाकीचे जाऊ द्या. गाजलेल्या भागांतला एकेक किस्सा फोटोंसह छोट्या तुकड्यात टाका. यूट्यूबचे शॉर्ट्स, म्हणजे उभे छोटे व्हिडिओ, आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, एका किश्शाला तेवढे पुष्कळ.

सुरुवात पाककृतींच्या वहीवाल्या आजींपासून करा. त्यांचा उल्लेख तुम्ही केलाय, त्या मोकळ्या आहेत आणि दाखवायला वहीही आहे. टाळीपासून टाळीपर्यंतचं कच्चं रेकॉर्डिंग मला पाठवा, आवाज आणि चित्राचा मेळ मी तपासून देतो.