रेफ्यूजवरची 'फुकट' जागा: आमच्या चार हिवाळ्यांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही 63, बायको 61, पुढच्या वसंतात निवृत्ती. न्यू जर्सीचं घर भाड्याने देऊन वर्षभर आरव्हीतून, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतून, भटकायचं मनात आहे. वाइल्डलाइफ रेफ्यूजवर (वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जागेवर) स्वयंसेवक म्हणून काम केलं तर गाडी लावायला फुकट जागा मिळते असं ऐकलंय, ते खरं का, आणि आपल्यासारख्यांना ते झेपेल का. वर तुमच्या बायकोची शंका: "तिथे नेऊन संडास धुवायला लावतील."

खरं आहे. झेपेल. आणि हो, लावतील.

आम्ही दोघं (मी 68, नवरा 71) असे चार हिवाळे राहिलो. दोन न्यू मेक्सिकोत बोस्के देल अपाचेला, एक टेक्ससच्या किनाऱ्यावर अरान्सासला, आणि एक जिथे फसलो तिथे. त्याचं नाव सांगत नाही, गोष्ट पुढे सांगते.

आधी 'फुकट'चा हिशोब. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा रेफ्यूज देतं. बदल्यात माणशी आठवड्याला 20 ते 32 तास काम आणि बहुतेक ठिकाणी किमान दोन-तीन महिने मुक्काम. आम्हाला 24 तास होते, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला दोनशेच्या वर. तशीच जागा बाहेरच्या पार्कात महिना 800 डॉलरला मिळाली असती असं धरा, तर मजुरी तासाला चार डॉलरही पडत नाही. त्यामुळे नुसतं भाडं वाचवायला जाणार असाल तर जाऊ नका. आमच्या शेजारचं एक जोडपं रोज तास मोजत बसायचं. जानेवारीत त्यांनी गाशा गुंडाळला.

मग आम्ही का जातो? निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नुसतेच फिरलो. यलोस्टोन झालं, ग्लेशियर झालं. आमची आरव्ही 27 फुटी आहे, आत दोन माणसं एकमेकांना वाट दिल्याशिवाय हलू शकत नाहीत. सहाव्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं, चहाची गाळणी कुठल्या हुकला लावायची यावरून. पस्तीस वर्षं हा माणूस सकाळी आठला जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. आमचा संसार त्या अकरा तासांच्या जोरावर चालला होता, हे मला त्या गाळणीने सांगितलं. रेफ्यूजवर ते तास परत मिळाले. म्हणून माझा पहिला सल्ला जागा कुठली हा नाहीच. दोघांना वेगवेगळं काम मागा, जमल्यास वेगवेगळ्या वेळी. रात्री जेवताना बोलायला काहीतरी राहतं.

नवऱ्याला बोस्केला पाण्याचं काम मिळालं. हे रेफ्यूज 1939 चं, रिओ ग्रांदेच्या काठी, सुमारे 57,000 एकर. नकाशात तळी दिसतात ती बरीचशी माणसाने बांधलेली आहेत. पूर्वी नदी पूर आणून स्वतःच पाणथळी करायची. धरणं आणि कालवे झाल्यावर ते थांबलं, मग तेच काम बांध घालून हाताने करायचं. उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी उतरवतात, ओल्या गाळात दाण्याची गवतं उगवू देतात, आणि हिवाळी पाहुणे यायच्या सुमारास पुन्हा भरतात. बदकांना आणि क्रेनना, म्हणजे क्रौंच पक्ष्यांना, वाढलेलं ताट मिळतं. किती पाणी सोडायचं हे दारांत बसवलेल्या लाकडी फळ्यांवर ठरतं, एक फळी काढली की पातळी तेवढी उतरते. निर्णय तिथल्या जीवशास्त्रज्ञांचा, फळी उचलणारे हात स्वयंसेवकाचे. माझं माहेर निफाडकडचं, तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, तू पाटकरी झालास. जन्म पुण्यात गेलेला, उसाला कधी दारं न धरलेला माणूस हा. सत्तरीत गमबूट घालून चिखलात उभा राहिला आणि घरी येऊन मला पाण्याची पातळी इंचांत सांगायला लागला. फळ्यांचं काम नसलं की सॉल्ट सीडर तोडायचं. बाहेरून आणलेलं झुडूप, नदीकाठचे कॉटनवूड आणि विलो हटवून सगळीकडे माजलंय. नुसतं तोडलं तर दुप्पट फुटतं, बुंध्याला लगेच औषध लावावं लागतं. आपल्या घाणेरीची आठवण येते.

मी माहिती केंद्राच्या काउंटरवर, आणि आठवड्यातून दोन पहाटे तळ्याकाठी, लोकांची उत्तरं द्यायला. सँडहिल क्रेन रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कोयोटी (तिथला कोल्ह्यासारखा प्राणी) आला तर पाण्याचा आवाज होतो. डिसेंबरात त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. उजाडताना एकेक क्रेन पाय सोडवून घेतो, दोन पावलं चालतो आणि घसरतो. चार फुटांचा ऐटबाज पक्षी, डोक्यावर लाल टिळा, आणि शेवाळलेल्या घाटावर आजोबा चालावेत तसा जपून पाय टाकतो. मग मान पुढे काढून वाकतो. तो वाकला की आता उडणार. स्नो गीजचं, म्हणजे पांढऱ्या रानहंसांचं, तसं नाही, ते काही न सांगता हजारोंनी एकदम उठतात आणि लोक कॅमेरा विसरतात. 1941 साली इथे हिवाळ्याला फक्त 17 सँडहिल क्रेन मोजले गेले होते. आता हजारोंनी येतात.

मनातलं एक सांगते. नांदूर मध्यमेश्वर माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीतलं) म्हणून जाहीर झालं. लहानपणी आम्हाला ते फक्त 'धरण' होतं. तिथे पक्षी येतात का, हे मी न्यू मेक्सिकोत दुर्बीण धरायला शिकल्यावर, भावाला फोन करून विचारलं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, नाहीतर धक्का बसतो. रेफ्यूज म्हणजे आपलं अभयारण्य नव्हे. बऱ्याच रेफ्यूजवर ठराविक दिवशी, ठराविक भागात शिकारीला परवानगी असते. पहिल्या नोव्हेंबरात पहाटे बार ऐकून मी घाबरून उठले. पुढे कळलं की 1934 पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला 'डक स्टॅम्प' घ्यावाच लागतो, आणि त्याच्या प्रत्येक डॉलरातले 98 सेंट पाणथळ जमिनी घेण्या-राखण्यात जातात. म्हणजे मी ज्या बदकांकडे प्रेमाने बघते त्यांची जमीन बऱ्याच अंशी त्यांना मारणाऱ्यांच्या पैशातून आली. मला अजून ते नीट पचलेलं नाही. स्टॅम्प मात्र आम्हीही दरवर्षी घेतो, 25 डॉलरचा. प्रवेश फी असलेल्या रेफ्यूजवर तो पास म्हणूनही चालतो.

आता फसलो ती गोष्ट. फोनवर कबूल झालं होतं: नवऱ्याला पक्षीगणना, मला शाळेच्या मुलांचे कार्यक्रम. पोचलो तोवर ज्यांच्याशी बोललो ते बदलून गेले होते. तीन महिने आम्ही पाट्या रंगवल्या आणि कचऱ्याचे डबे रिकामे केले. कामाला कमीपणा नाही, पण ठरलं वेगळं होतं. सहीच्या करारात कामाचं वर्णन लिहायची जागा असते, आम्ही तिथे "नेमून दिलेली कामं" एवढ्यावर सही केली होती. तुम्ही तसं करू नका. फोनवर विचारा: आठवड्याचे कुठले दिवस, दोघांची सुट्टी एकाच दिवशी का, वीज 30 अँपची की 50 ची, धुलाईचं मशीन आहे का, फोनला रेंज आहे का, किराणा किती मैलांवर. आणि मागच्या हंगामातल्या एखाद्या स्वयंसेवकाशी बोलायला मिळेल का, हेही. जे हो म्हणतात तिथे सहसा बरं असतं. जागा व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर लागतात. उबेच्या राज्यांतल्या हिवाळी जागांसाठी उन्हाळ्यातच हालचाल करा.

थंडीबद्दल. न्यू मेक्सिको म्हणजे वाळवंट, मग ऊबच, असं मला वाटायचं. बोस्के साडेचार हजार फुटांवर आहे. पहिल्या डिसेंबरात आम्ही रात्री पाण्याचा पाइप नळाला तसाच जोडून झोपलो. सकाळी पाइपची काठी झाली होती, हातात धरून कुणाला मारता आलं असतं. तापणारा पाइप आधीच घ्या, नाहीतर रात्री टाकी भरून पाइप काढून ठेवा. काळी टाकी, म्हणजे संडासाची, रोज थोडी थोडी सोडू नका. दोन-तृतीयांश भरू द्या आणि एकदम सोडा, नाहीतर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी बसतं. याहून जास्त सविस्तर मी इथे लिहिणार नाही.

जेवणाखाण्याची काळजी नको. उंचीमुळे डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात एवढंच. हॅच गाव दक्षिणेला सव्वा-दीड तासावर, तिथल्या हिरव्या मिरचीचा ठेचा झकास होतो. फक्त हिंग जपून. पहिल्याच आठवड्यात मी खिडकी उघडी ठेवून आमटीला फोडणी दिली, आणि शेजारचे मिनेसोटाचे आजोबा धावत येऊन आमच्या प्रोपेनच्या टाकीचा कॉक बंद करायला लागले. प्रोपेनला मुद्दाम गंधकाचा वास घातलेला असतो, हिंगाचा वासही त्याच कुळातला. त्यांना डबी हुंगायला दिली, तेव्हा पटलं. नंतर दर पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) ते "गॅसवालं सूप" मागायचे.

अरान्सासला व्हूपिंग क्रेन पाहिले. एके काळी सोळाच्या आसपास उरलेला थवा आता पाचशेच्या वर आहे. दमटपणा आणि डासांमुळे पुन्हा मात्र जाणार नाही.

कागदपत्रांचं पटकन. तुम्ही दोघं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर अडचण नाही. तुम्ही 62 ओलांडलीय, तेव्हा राष्ट्रीय उद्यानं आणि रेफ्यूजचा ज्येष्ठांचा आजीव पास 80 डॉलरला आजच घ्या. शिवाय 250 तास सेवा झाली की वर्षाचा पास मोफत मिळतो, तो बायकोच्या नावाने होईल. काम करताना लागलं-खुपलं तर स्वयंसेवकालाही संघराज्याच्या कामगार भरपाईचं संरक्षण असतं. पण सर्दी-तापाला नाही, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे. 65 व्हायच्या आत निघालात तर न्यू जर्सीच्या विम्याचं नेटवर्क न्यू मेक्सिकोत बहुधा चालणार नाही. तातडीची सेवा सोडून काय मिळतं ते कंपनीकडून लेखी घ्या. पुढे 65 ला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, घेताना लक्षात ठेवा: मूळ मेडिकेअर देशभर चालतं, खासगी कंपन्यांमार्फतच्या अॅडव्हांटेजच्या बऱ्याच योजना आपापल्या भागात बांधलेल्या असतात. आमच्या ओळखीचे दोघे यापायी दर दोन महिन्यांनी गाडी सोडून विमानाने घरी जायचे.

गाडी एकदम विकत घेऊ नका. ऑक्टोबरात आठवडाभर भाड्याने घ्या, मुद्दाम पावसाचा आठवडा धरा, आणि टीव्हीशिवाय राहून बघा. गाळणीचं काय होतं ते तिथेच कळेल.

आणि संडास. बोस्केला माझी पाळी मंगळवारी असायची, दोन स्वच्छतागृहं, पाऊण तास. बायकोला सांगा, हातमोजे तेच देतात.