हेडलाइटचा ऑटो मोड, हट्टी काच आणि गाडीतली दुर्लक्षित बटणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: टॉप व्हेरिएंटची वापरलेली हॅचबॅक घेतली, सोबत मॅन्युअल मिळालं नाही. हेडलाइटच्या लिव्हरवर 'ऑटो' आहे, पण बोगद्यात दिवे उशिरा लागतात. बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरची काच एका दमात वर जात नाही. आणि गाडीत अजून काय काय आहे, जे माहीतच नाही?

पहिल्या दोन तक्रारींत बहुधा काहीच बिघडलेलं नाही, त्यामुळे लगेच पैसे घालवू नका. ऑटो म्हणून जे काही येतं ते एखादी ठरावीक गोष्ट मोजतं आणि तेवढ्यावरच निर्णय घेतं. ते काय मोजतं हे कळलं की कुठे फसेल हेही कळतं.

आधी दिवे. ऑटो हेडलाइटचा सेन्सर फक्त आजूबाजूचा उजेड मोजतो. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डवर पुढच्या काचेजवळ काळपट छोट्या घुमटासारखा असतो, काहींत आतल्या आरशामागे काचेला चिकटवलेला असतो. तो शोधा आणि मोकळा आहे का बघा. डॅशबोर्डवर अंथरलेली मॅट, गणपतीची मूर्ती, मोबाइल होल्डर, सोसायटीचा पार्किंग स्टिकर किंवा भलत्या जागी चिकटवलेला फास्टॅग त्याच्यावर आला, तर भर दुपारी दिवे लागतात. दिवसा गाडी उभी करून इग्निशन चालू करा, लिव्हर ऑटोवर ठेवा आणि सेन्सर जाड काळ्या कापडाने पूर्ण झाका. काही सेकंदांत दिवे लागले आणि कापड काढल्यावर थोड्या वेळाने विझले, तर सेन्सर ठीक आहे. सेन्सर आरशामागे असेल तर कापड बाहेरून काचेवर धरावं लागतं, तेव्हा वायपर आधी पूर्ण बंद करा.

बोगद्यातला उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. झाडाच्या सावलीत किंवा उड्डाणपुलाखाली दिवे लागत-विझत राहू नयेत म्हणून गाडी थोडं थांबून खात्री करते. पण ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांचा उशीर म्हणजे साधारण ६६ मीटर तुम्ही बिनदिव्याचे. कशेडी असो की एक्सप्रेसवेवरचा भाताण, बोगद्याचं तोंड दिसलं की हाताने लो बीम लावा. काही मॉडेल्समध्ये या सेन्सरची संवेदनशीलता स्क्रीनवरच्या सेटिंग्जमधून बदलता येते. पर्याय असेल तर 'लवकर' निवडा. (आणि बोगद्यात हॅझर्ड लावून चालवू नका. इंडिकेटर त्यातच हरवतो, मागच्याला तुमची लेन बदलायची इच्छा कळणारच नाही.)

खरा धोका मात्र धुक्यात आणि पावसात आहे. आंबोलीत भर पावसाळ्यात सकाळी दहा वाजता वीस मीटरवरचं दिसत नाही, पण सगळीकडे पांढरा उजेड भरपूर असतो. सेन्सरच्या हिशोबी तो लख्ख दिवस आहे, म्हणून तो दिवे लावत नाही. त्यात पुढे डीआरएल (दिवसा आपोआप जळणारे छोटे दिवे) जळत असतात आणि मीटर कायम उजळलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटतं दिवे चालू आहेत. बऱ्याच गाड्यांत डीआरएलसोबत मागचे दिवे लागत नाहीत. म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. एकदा गाडी उभी करून नुसत्या डीआरएलवर मागे जाऊन बघा, तुमच्या गाडीत काय होतं ते कळेल. हेडलाइट किंवा पार्किंगचे दिवे चालू असल्याची हिरवी खूण मीटरवर असते, भरवसा तिच्यावर ठेवा. धुक्यात लो बीम आणि फॉगलॅम्प लावा. हाय बीम नको, त्याचा उजेड धुक्यावरून उलटून डोळ्यांत येतो.

दिव्यांमधलं सगळ्यात दुर्लक्षित बटण म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूला खाली असलेली ० ते ३ अशी छोटी चकती (काही गाड्यांत आकडे आणखी पुढे जातात). ही दिव्यांची उंची बदलते. आकडा वाढला की झोत खाली येतो. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. एकटे किंवा पुढे दोघे असाल तर ०, पाचही सीट भरल्या तर १, सोबत डिकी भरली तर २, आणि फक्त चालक व गच्च डिकी असेल तर ३, अशी साधारण पद्धत. नेमकं कोष्टक मॅन्युअलमध्ये असतं. सणाला गावी जाताना 'समोरचे उगाच डिपर का मारतायत' असं वाटलं तर आधी ही चकती बघा. उलट, जुन्या गाडीत उजेड कमी पडतो म्हणून जास्त पॉवरचे बल्ब बसवण्याआधीही बघा. आधीच्या मालकाने ती ३ वर सोडलेली असू शकते.

आता काच. एका झटक्यात वर जाणाऱ्या काचेचं कंट्रोल युनिट मोटरचे फेरे मोजून काच कुठे आहे हे ठरवतं. मध्ये अडथळा आला तर काच थांबून खाली येते, ती याच हिशोबावर. बॅटरी काढली की 'सगळ्यात वर' कुठे आहे ही आठवण पुसली जाते, आणि गाडी सावधपणे ऑटो-अप बंद ठेवते. ती परत शिकवावी लागते. दार लावून घ्या, इग्निशन चालू करा आणि काच पूर्ण खाली न्या. मग स्विच वर ओढून धरा. काच वर टेकली तरी सोडू नका, आणखी पाचेक सेकंद धरूनच ठेवा. मग खाली दाबून काच पूर्ण उघडा, तळाला पोचल्यावरही तितकाच वेळ दाबून ठेवा. आता स्विच दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून सोडा, काच स्वतःहून वर गेली पाहिजे. काही कंपन्यांना फक्त वरचा भाग पुरतो, काहींना तो दोनदा लागतो. पहिल्या वेळी जमलं नाही तर पुन्हा करा. शिकवत असताना अडथळा ओळखणारी सुरक्षा चालू नसते, त्यामुळे मुलांना लांब ठेवा. ज्या स्विचवर 'ऑटो' लिहिलंय त्याच काचेला हे लागू आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती एकटी ड्रायव्हरचीच असते.

शिकवल्यावरही काच वर टेकता टेकता परत खाली येत असेल, तर रबरी रनिंग, म्हणजे काच जिच्यात सरकते ती खाच, तपासा. धूळ आणि ऊन यांनी रबर कोरडं पडलं की काच जड जाते आणि युनिटला वाटतं मध्ये हात आहे. रनिंगमध्ये खोचून बसवलेले व्हायझर आणि कडेला सुटलेली फिल्म यांनीही हेच होतं. काच खाली करून ओल्या कापडाने खाच पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे हलकासा मारून काच तीन-चार वेळा वरखाली करा. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल तेल काहीही लावू नका. त्यावर धूळ चिकटते, आणि खनिज तेलाने रबर फुगतं.

अनेक गाड्यांत किल्लीचं अनलॉक बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की काचा खाली येतात. एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी आतली भट्टी बाहेर काढायला हे उत्तम. पण खिशात बटण दाबलं गेलं तरी हेच होतं, म्हणून पावसाळ्यात सेटिंग्जमधून बंद करणं बरं. काचा रिमोटने बंदही होतात का, ते मॉडेलवर अवलंबून आहे. इग्निशन बंद केल्यावरही बऱ्याच गाड्यांत काचा थोडा वेळ चालतात, काहींत पुढचं दार उघडेपर्यंतच. त्यामुळे उतरण्याआधी काचा बघा.

ड्रायव्हरच्या दारावर काच खोडलेल्या खुणेचं बटण आहे, त्याने बाकीच्यांचे स्विच बंद होतात. मागे मूल बसत असेल तर ते दाबलेलंच ठेवा, कारण मागच्या काचांना अडथळा ओळखण्याची सोय बहुधा नसते. तुमच्यात आहे का हे तपासायचं तर गुंडाळलेलं वर्तमानपत्र मध्ये धरा, हात नव्हे. मागच्या दाराच्या कडेवर, लॅचजवळ, चाइल्ड लॉकची खिट्टी असते. आधीच्या मालकाने ती लावून ठेवली असली की 'दार आतून उघडत नाही' म्हणून लोक थेट गॅरेज गाठतात.

पाणी भरलेल्या सबवेत गाडी अडकली, तर विजेवर चालणाऱ्या काचा चालताहेत तोवर उघडा, नंतर त्या दगा देऊ शकतात. हेडरेस्टच्या सळया काच फोडण्यासाठी दिलेल्या असतात ही व्हॉट्सअॅपची कृपा. त्यासाठी टोकदार छोटी हातोडी ठेवा आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच दोन थरांची असते, ती फोडण्यात वेळ घालवू नका.

रेन सेन्सर असेल तर तो काचेच्या आतून इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि किती परत येतो ते मोजतो. थेंब पडले की प्रकाश बाहेर निसटतो, तेवढं वायपर फिरतात. म्हणून वॉशिंग सेंटरला जाताना वायपर बंद करा, नाहीतर धुणाऱ्याच्या बोटांवर फिरतील. पुढची काच बदलली असेल आणि त्यानंतर वायपर वेड्यासारखे वागत असतील, तर सेन्सर आणि काच यांच्यामधलं पारदर्शक जेल पॅड नीट बसलेलं नाही, त्यात हवेचे बुडबुडे आहेत. पॅड नवं टाकायला सांगा, सेन्सर बदलू नका.

काचेवर वाफ धरते तेव्हा ती आतून आहे की बाहेरून, हे बोटाने बघा. आतून असेल तर पुढच्या काचेचं डिफॉगर बटण, एसी चालू, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं) बंद. एसी हवेतला ओलावा काढतो, तापमान गरम ठेवलं तरी. बाहेरून असेल, जसं कोकणात पावसाळी रात्री होतं, तर एसीच्या गार झोताने काचच थंड झालेली असते. झोत काचेवरून चेहऱ्याकडे वळवा, तापमान वाढवा, वायपर एकदा फिरवा.

बाकीचं भराभर. इंधनाच्या खुणेशेजारचा बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. ही कल्पना फोर्डमधल्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये मांडली. आतला आरसा साधा असेल तर खालची कळ रात्री उलटी करा, मागच्या दिव्यांची फक्त फिकी प्रतिमा दिसते. इंडिकेटर लिव्हर हलकेच टेकवून सोडला तर बऱ्याच गाड्यांत तीन वेळा लुकलुकतो, लेन बदलायला पुरतं. ८० च्या वर वाजणारा आणि १२० च्या वर सतत वाजणारा बीप बिघाड नाही, १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. टायरच्या हवेचा दिवा हवा भरल्यावरही जात नसेल, तर मेनूमध्ये किंवा बटणावर रीसेट शोधा. चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेला नवा दाब 'हाच बरोबर' असं सांगावं लागतं. बरोबर दाब किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

गाडी पुश बटणाने सुरू होत असेल तर किल्लीतला सेल संपण्याआधी सराव करून ठेवा. रिमोटच्या आत लोखंडी किल्ली लपलेली असते, दाराच्या हँडलवर (कधी प्लास्टिकच्या टोपीखाली) तिचं भोक असतं. आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबा आणि रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून धरा, बहुतेक गाड्या सुरू होतात. काहींत रिमोट ठेवायची वेगळी जागा असते. सेल बहुधा सीआर २०३२ असतो, पण जुना काढून त्यावरचा आकडा वाचूनच आणा.

मॅन्युअल कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर पीडीएफमध्ये मिळतं, पण आपल्या गाडीच्या बनावटीच्या सालाचंच उतरवा. फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच मॉडेलचं रूप थोडं बदललं की, बटणांच्या जागा बदलतात. ते सगळ्या व्हेरिएंटना मिळून एकच असतं, म्हणून त्यातलं एखादं बटण तुमच्या गाडीत सापडलं नाही आणि त्या जागी कोरी प्लास्टिकची पट्टी असेल, तर ते फीचर त्या व्हेरिएंटला दिलेलंच नाही. नुसता स्विच बसवून ते चालू होईल असं सांगणाऱ्या अॅक्सेसरीवाल्याला आधी वायरिंग आणि सेन्सर कुठे आहेत ते दाखवायला सांगा.